दाराकडे वळलेल्या चपला

कौमुदीचं लग्न झालं त्याच वर्षी तिचा भाऊ अनय जपानात, ताकायामाला नोकरीला गेला. डोंगरांतलं लहानसं शहर, थंडीत कमरेइतका बर्फ.

“इथे चपला काढल्या की दाराकडे वळवून ठेवतात, आई. निघताना सोपं,” तो फोनवर म्हणायचा.

“मेल्या, आधी ये तर!”

दक्षिणेतल्या आवडी गावी, त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये, त्याच्या जुन्या चपला आईनं घराकडे तोंड करून ठेवल्या होत्या, तो नुकताच आल्यासारख्या.

पोंगलच्या, म्हणजे तिथल्या संक्रांतीच्या, भर दुपारी त्या दाराकडे वळलेल्या दिसल्या.

“अहो, तुम्ही वळवल्यात?”

“मी कशाला?” अनयचे वडील, वसंतराव, आतून म्हणाले.

आई वाकली. पट्ट्यांवर बर्फ होता आणि उन्हातही तो विरघळत नव्हता.

“अरे, चहा तरी घेऊन जा,” ती म्हणाली.

अनय ताकायामाला वारला, त्याच पोंगलला, भर दुपारी.