कापसाचं वजन

"चाळीस, तीस, पंचवीस." खोक्याचं माप घेऊन इंदूताईंनी टेप गुंडाळली. "गुणाकार कर अन् पाच हजारानं भाग."

गौतमने मोबाइलवर हिशेब केला. "सहा."

"सहा किलो! अन् काट्यावर किती? दीड." त्यांनी खोका दोन बोटांनी ढकलून दाखवला. "तुझा कुरिअरवाला आकारावरून वजन धरते. कापूस पाठवून राहिलो न आपण, लोखंड तर नाही? पोस्टात काट्यावरचं वजन धरतात. प्रणालीनं विचारून घेतलं."

प्रणाली ही शेजारची मुलगी. इंदूताईंना मोबाइल तिनेच शिकवला होता, आणि त्याबद्दल गौतमने मनातल्या मनात तिला बरंच काही ऐकवलं.

"पोस्टाला वेळ लागतो, आई."

"लागू दे. वाती काही नासत नाहीत."

"रांगेत उभं राहावं लागेल. आधार कार्ड लागतं, फॉर्म भरावा लागतो."

"मीच येते न. पाठवणारी मी आहे."

गोरखपूर मोहल्ल्यातल्या या घरातून सव्वा वर्षापासून इंदूताईंच्या फुलवाती आणि कापसाची वस्त्रं अमेरिकेला जात होती. दर रविवारी गौतम नोकरीच्या गावाहून, शहपुऱ्याहून यायचा, खोका घेऊन जायचा आणि कुरिअरला द्यायचा. खरं तर एकही खोका शहपुऱ्याच्या पुढे गेला नव्हता. सगळे त्याच्या बँकेच्या क्वार्टरमध्ये, माळ्यावर रचून ठेवलेले होते.

सुरुवात चांगल्या मनाने झाली होती. वडील गेले, आणि इंदूताईंनी बोलणंच टाकलं. जेवण समोर ठेवलं तर जेवायच्या, नाहीतर भिंतीकडे बघत बसायच्या. तेव्हा गौतमने त्यांच्यासाठी इंटरनेटवर दुकान उघडलं. तीन आठवडे एक ऑर्डर आली नाही. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "आलं का रे काही?" चौथ्या आठवड्यात त्याने न्यू जर्सीची मीरा कानिटकर नावाची बाई जन्माला घातली. तिला पाचशे फुलवाती हव्या होत्या. त्या दिवशी इंदूताई उठल्या, बोटांना दूध लावून वाती वळायला बसल्या, आणि रात्री स्वतःहून वरण मागून घेतलं.

मग काय, एका मीराच्या चार झाल्या. बोस्टनची आली, टेक्सासची आली. एकदा इंदूताई म्हणाल्या, "मीराबाईशी बोलणं करून दे न फोनवर." गौतमने तिथे आता रात्र असल्याचं सांगितलं. पुढे त्यांनी विचारलं नाही. नणंदेने ओंकारेश्वरला चल म्हटलं, तर "ऑर्डर आहे न," म्हणून त्यांनी नाही म्हटलं. आईचं मन रमलं म्हणून गौतमला तेव्हा केवढा आनंद झाला होता!

आता मात्र तो पुरता अडकला होता. सव्वा वर्षात त्याला एक रविवार मोकळा मिळाला नव्हता. बायको शर्मिला रोज टोचायची, "सांगून टाका न एकदा. माळा पडेल आपल्या डोक्यावर." सांगायचं कसं? त्या चार बायका एका दमात मारल्या, तर आई पुन्हा भिंतीकडे बघत बसेल. त्या भिंतीची त्याला खरोखर भीती वाटत होती. आणि सांगितलं नाही, तर पोस्टातून गेलेला खोका न्यू जर्सीच्या नसलेल्या घरापर्यंत हिंडून इथेच परत येणार. इकडे आड, तिकडे विहीर.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो आला. इंदूताई इस्त्रीची साडी नेसून तयार होत्या. स्कूटरवर मागे खोका मांडीवर घेऊन बसल्या. वाटेत गौतमने दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसतंच "आई," म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, "खोका नीट धरला न?"

"धरला. तू समोर पाहून चालव."

पोस्टात खिडकीपाशी श्रीपाद देवतळे असं नाव लावलेला मध्यमवयीन माणूस बसला होता. इंदूताईंनी नाव वाचलं आणि खुलल्या. "मराठी का?"

"हो काकू, वर्ध्याचे आम्ही." त्याने खोका काट्यावर ठेवला. "दीड किलो. आधारची झेरॉक्स द्या."

"झेरॉक्स नाही आणली," इंदूताई म्हणाल्या. "जा न गौतम, समोरून काढून आण."

कार्ड घेऊन गौतम बाहेर पडला. झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून त्याने ठरवलं, आता परत गेल्यावर सांगायचं. खिडकीपाशीच, चार लोकांत. लोकांसमोर आई रडणार नाही, निदान लगेच तरी नाही. रस्ता ओलांडताना त्याने वाक्यही जुळवलं, "आई, मीरा कानिटकर कोणी नाही."

तो आत आला तेव्हा इंदूताई त्याच्याकडे पाठ करून, खिडकीच्या जाळीला हात टेकून उभ्या होत्या. देवतळे फॉर्म भरत होता.

"काकू, इथं एक खूण करावी लागते. तिथं कोणी पार्सल घेतलं नाही, तर परत मागवायचं, की तिकडंच सोडून द्यायचं?"

"परतच मागव, बाबा," इंदूताई आवाज उतरवून म्हणाल्या. "तिथं कोणी राहतच नाही. सव्वा वर्ष पोराचं मन राखून वाती करून राहिली मी. एकदा ठप्पा पडून खोका परत आला, म्हणजे त्याला काही सांगावं लागणार नाही, अन् मीही सुटीन."