भरलेली बाटली

"परत? परत कीड?" आई स्टुलावरून उठलीच. "अहो डॉक्टर, आत्ता मागे तर भरून दिलात ना दात? मग ही नवी कुठून उपटली?"

खुर्चीत आ वासून पडलेल्या बबडीच्या तोंडात डॉक्टरीणबाईंचा छोटा आरसा फिरत होता.

"नवीच आहे," त्या म्हणाल्या. "आणि या खेपेला पक्क्या दाढेला. ही पडली तर हिच्या जागी दुसरी येणार नाही."

आईच्या डोक्यात तिडीक गेली. काय म्हणून करायचं बाकी ठेवलं होतं तिनं? चॉकलेट बंद. बिस्किटं बंद. सख्ख्या भावानं भाचीसाठी आणलेला गोळ्यांचा डबा तिनं त्याच्याच हातात परत कोंबला होता; तो बिचारा तेव्हापासून घराकडे फिरकलेला नाही. दिवसभर कपड्यांच्या दुकानात उभं राहून पायांचे तुकडे पडायचे, तरी रात्री पोरीचे दात स्वतः घासून द्यायची. एवढं मरमर मरून हाती काय, तर कीड!

"चोरून खातेस ना? खरं सांग. शाळेत कोण देतं?"

बबडीनं उघड्या तोंडानंच मान हलवली. नाही.

"खोटं बोलू नकोस हां!"

"अहो, जरा थांबा. हे बघा." डॉक्टरीणबाईंनी आरसा गालाला आतून टेकवला आणि ओढला. तो चिकटला. गाल त्याच्याबरोबर ताणला गेला. "हा सरकन सुटायला हवा. हिच्या तोंडात पुरेशी लाळच नाही. तुम्ही ब्रश करता दोन वेळा. बाकीचा सगळा दिवस दात कोण धुतं? लाळ. खाल्ल्यावर तोंडात आंबटपणा चढतो, तो तीच उतरवते. तोंड असं कोरडं ठाक राहिलं की किडीला रान मोकळं. काही औषध चालू आहे हिला? तोंड उघडं टाकून झोपते?"

"छे हो."

"मग पाणी किती पिते?"

"पाणी?" आई फणकारली. "रोज बाटली भरून देते मी!" दोघी शाळेतूनच इथे आल्या होत्या. तिनं दप्तर पुढ्यात ओढलं, बाटली उपसून काढली आणि तिचं तोंड आणखीच कडू झालं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. "बघा! सकाळी दिली तशी! रोजचं आहे हे. विचारलं की म्हणते, विसरले. पाणी प्यायला विसरतं का गं कुणी?"

डॉक्टरीणबाईंनी दिवा बाजूला सारला. "का नाही पीत, बाळा?"

बबडीनं आईकडे पाहिलं. "सांगू?"

"सांग की! मी काय तुझं तोंड दाबलंय?"

"शाळेतल्या बाथरूमला कडी नाहीये. मोठ्या मुली मुद्दाम दार उघडतात आणि हसतात."

"अगं मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, मी पण दुकानात बाथरूमला जात नाही. पाणी प्यायचंच नाही, म्हणजे जायलाच लागत नाही."

आई मटकन स्टुलावर बसली. म्हणाली होती ती. डबा भरता भरता, पाठमोरीच. दुकानातल्या बाथरूमची किल्ली मालकाच्या गल्ल्यात असायची आणि गिऱ्हाइकांदेखत ती मागायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यावर तिनं स्वतःपुरती काढलेली ही युक्ती. पोरीला सांगितली तेव्हा वाटलं होतं, चला, एक कटकट मिटली.

"उद्या येते मी शाळेत," ती म्हणाली. तिला खरं तर ओरडायचं होतं. शाळेवर, मालकावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. पण घसा इतका सुकला होता की आवाज नीट फुटेना. "कडी बसल्याशिवाय हलत नाही तिथून. बसवत नाहीत म्हणजे काय!"

"दाढ वाचेल," डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या. "परवा या, भरून टाकू. पण पाणी आजपासून."

बाहेरच्या बाकावर आईनं बाटलीचं झाकण उघडून बबडीच्या हातात दिलं. "पी."

बबडीनं बाटली ओठांपर्यंत नेली आणि थांबली. "आता सरळ घरीच ना?"

"हो गं बाई, घरीच. तुला सोडते आणि मी जाते दुकानात."

मग मात्र ती घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर ओघळलं तरी थांबली नाही. आई बघत राहिली. तिची स्वतःची जीभ टाळ्याला चिकटली होती. उरलेल्या पाण्यासाठी तिनं हात पुढे केला.

बबडीनं बाटली चटकन मागे घेतली आणि झाकण घट्ट लावून टाकलं.

"तू नको. तुला अजून दुकानात जायचंय."