रेघेच्या अलीकडे

टिण्! वाटीवर चमचा वाजला आणि खोलीतली दुपारची शांतता मोडली.

"जेवण आलंय!" दाराबाहेरून लेकीची आरोळी. "मी रेघेच्या मागे गेले. आता उघड."

"खरंच गेलीस?"

मग पावलांची दुडदुड. "आत्ता गेले."

तिला हसू आलं. तोंडावरचा मास्क नीट करून तिने दार फटीपुरतं उघडलं आणि ताट आत ओढलं. पलीकडे फरशीवर खडूची रेघ होती आणि पायाचे दोन अंगठे रेघेच्या मागे नाही, बरोबर रेघेवर.

दार लावून ती त्यालाच पाठ टेकून खाली बसली. फळी किंचित हलली. म्हणजे लेकही पलीकडून टेकली. हे रोजचंच.

"गोष्ट सांग. चावरीची."

"अगं, रोज काय तीच?"

"तीच."

"बरं. आम्ही गुहेच्या तोंडाशी जाळी लावली होती. त्यात एक वटवाघूळ अडकलं, आपली चावरी. बघते तर त्याच्या पोटाला पिल्लू. अस्सं घट्ट चिकटलेलं."

"आणि तुझा हातमोजा जाड होता."

"हो ना. तसल्या मोज्याने धरलं असतं तर पिल्लू चेंगरलं असतं. म्हणून मी तो काढला. आतला पातळ तेवढा ठेवला."

"आणि चावरी चावली!"

"चावणारच. तिच्या जागी मी असते, तर मीही चावले असते."

लेक खिदळली. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "उंदीर दिसला की पलंगावर चढते, आणि म्हणे वटवाघळं धरते!" मग दाराजवळ येऊन तोच आवाज बारीक झाला. "जेवलीस का गं? ताटात काही ठेवू नकोस."

ती घास नुसता फिरवत होती. नव्याने कामाला लागलेल्यांना हातमोज्यांचा धडा तीच द्यायची, आणि चुकली तीही तिथेच. चावरीच्या लाळेत विषाणू निघाला होता. वटवाघळाच्या अंगात तो बिनबोभाट नांदायचा. माणसात शिरला की माणसाला आडवं करायचा, काहींना पुन्हा उठूच द्यायचा नाही. असं का, हे शोधायलाच तर ती गुहांमधून हिंडत होती. अजून ताप आला नव्हता. पण शेवटच्या तपासणीचा निकाल आज यायचा होता, आणि सकाळपासून फोन मुका होता.

तो वाजला तेव्हा तिच्या हातून चमचाच पडला.

"काय गं, अजून खोलीतच?" प्रयोगशाळेच्या मॅडम.

"मॅडम, निकाल..."

"तेच म्हणतेय मी. खोलीत काय करतेस अजून? काही निघालेलं नाही. बाहेर ये. आणि कामावर आलीस की आधी हातमोज्यांचा धडा. या वेळी मी देणार, तू बसायचंस समोर."

तिने डोकं दाराला टेकवलं. मग आठवलं. "आणि पिल्लू? त्याचाही नमुना घेतला होता."

"स्वच्छ. तुझ्यासारखंच."

तिने मास्क काढला. दार आत ओढलं तशी टेकून बसलेली लेक उताणी आत पडली, आणि पडल्या पडल्याच आईचं उघडं तोंड बघत राहिली.

"आई, रेघ?"

"पुसून टाकू."

पुढचं तिला नीट कळलं नाही. दोन हात मानेभोवती, दोन पाय कमरेभोवती, आणि केसांना खडूचा वास. सासूबाई पळी हातात घेऊन बाहेर आल्या, दोघींना पाहिलं, आणि "ताट तसंच आहे बघ, मला माहीतच होतं," असं म्हणत आत जाऊन उगाच भांडी आपटायला लागल्या.

बऱ्याच वेळाने लेकीने खांद्यावरून डोकं उचललं.

"चावरीच्या पिल्लाला काय झालं?"

"काही नाही. त्याला विषाणू लागलाच नाही."

"पण ते तर तिला चिकटलेलं होतं."

"हो."

"तिच्या अंगात विषाणू होता तरी?"

"हो गं. तरी."

लेकीच्या कपाळाला आठी पडली. आईचा चेहरा तिने दोन्ही तळव्यांत धरला आणि स्वतःकडे वळवला.

"मग मला रेघेमागे का? त्या आईला असं काय येतं, जे तुला येत नाही?"