भैरोबाची घागर

मुक्ताबाईने दारूचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. नशा गेली होती खरी, पण तिच्याबरोबर चवही गेली. याच्यापेक्षा पाणी घातलेलं ताक बरं.

जामखेडच्या अंगाला असलेल्या त्या गावात भैरोबाच्या यात्रेची घागर भरायचा मान तिच्या घराकडे होता. मोड आणलेल्या बाजरीची आंबवलेली दारू. जर्मनच्या लढाईच्या दिवसांत नगरच्या छावणीतला एक गोरा सोजीर वाट चुकून आला आणि ती पिऊन 'बिअर, बिअर' करत नाचला, तेव्हापासून पोरंही तिला बिअरच म्हणत. यात्रेला भीमाजी भगत ती घागर रिकामी करायचा. मग त्याच्या अंगात वारं यायचं, आणि देव म्हणेल ती पूर्वदिशा. झिंगलेल्या भगताला सावरायला त्याच्या कानाशी गावचे पाटील आबासाहेब बसत. तो त्यांचा पिढीजात मान.

यंदा कौल खुद्द आबासाहेबच लावणार होते. सून राहीला मूलबाळ नाही, तर मुलाची, गोरक्षची, दुसरी सोयरीक करावी का? राही म्हणजे मुक्ताबाईची एकुलती लेक. कौल उलटा गेला की पोर गाठोडं घेऊन आईच्या दारात.

मुक्ताबाईला एकच वाट दिसली. दारू चढली नाही तर वारं येणार नाही, आणि वारं नाही तर कौलही नाही. पुढल्या यात्रेपर्यंत पोरीची कूस उजवेलही, कुणी सांगावं? पण भीमाजीची जीभ पक्की. चवीत जरा उणं पडलं तर तो तिथल्या तिथे बोंब मारायला कमी करणार नव्हता. वर देवाशी लबाडी! पण लेकीपुढे इलाज नव्हता.

पाणी घालावं तर पातळ होई, उकळून नशा उडवावी तर वासच उडे. मग तिला एक जुनी फसलेली खेप आठवली. मोडांच्या पिठावर चुकून कोमटाऐवजी कढत पाणी पडलं होतं. दारू झाली छान दाट, फेसाळ, पण पिणारे गडी नाकासमोर चालत घरी गेले आणि जाताना तिला शिव्या देऊन गेले. तीच चूक तिने आता मुद्दाम केली. कडवटपणाला थोडे मोड काळपट भाजून घातले, घशाला चटका बसावा म्हणून सुंठ. चाखली आणि हात जोडले. भैरोबा, माफ कर बाबा, पण जमली.

यात्रेला भीमाजीने पहिला घोट घेतला आणि थांबला. त्याने एकवार मुक्ताबाईकडे पाहिलं, मिशा पुसल्या आणि घागर संपवली.

हलगी वाजू लागली आणि त्याचं अंग थरथरलं, डोळे फिरले. वारं आलं, दरसालसारखंच. मुक्ताबाईला वाटलं, सगळी अक्कल मातीत गेली. आबासाहेबांनी कौल विचारला आणि भगताला सावरायला ते त्याच्या कानाशी वाकले.

"पोरीत खोट न्हाई," भगत घुमत बोलला. "दुसरी आनाल तर तिचीबी कूस रितीच ऱ्हाईल. राहीला सुखानं नांदवा."

आबासाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला, पण देवापुढे कोण बोलणार? सगळ्यांदेखत त्यांनी सुनेच्या कपाळी अंगारा लावला. मुक्ताबाई तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली. आपण एवढी लबाडी करूनही देव पावला, याचंच तिला नवल वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भीमाजी रिकामी घागर परत द्यायला आला. मुक्ताबाई त्याच्या पाया पडायला वाकली. सगळं कबूल करायचं तिने ठरवलंच होतं. पण त्याने तिला बोलूच दिलं नाही.

"मुक्ताक्का, पुढल्या सालीबी असलीच कर," ओट्यावर टेकत तो हळू आवाजात म्हणाला. "त्या आधीच्या दारूच्या झिंगेत मला देव कवाच ऐकू आला न्हाई. कानाशी बोलायचे ते आबासाहेब."