गाडीतलं दुसरं माणूस

"पुन्हा प्यायला लागलायस ना?" ओफेलियाने समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

एफ्राइनने डोळे उघडले. लाल झालेले, सुजलेले. "नाही गं," एवढंच म्हणून त्याने डोकं परत खिडकीच्या काचेला टेकवलं. थोड्याच वेळात तो घोरायला लागला. गेले कित्येक महिने हेच चाललं होतं. फोंटाना सोडून गाडी हायवेला लागली की हा झोपायचा, तो थेट पासाडेना आल्यावर उठायचा.

दारूपायीच तिने या नवऱ्याला घराबाहेर काढलं होतं. तो भावाच्या गॅरेजमध्ये राहायला गेला आणि दोघांचं बोलणं तुटलं. मग ओफेलियाच्या आईला विसर पडायला लागला. पुढे पुढे तिला एकटं ठेवणं अशक्य झालं, तेव्हा फोंटानातल्याच वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. उजेड असेपर्यंत आई लेकीला ओळखायची, तिचा हात हातात घेऊन बसायची. दिवस मावळला की भेदरायची. खोलीत कुणी परकी बाई शिरलीय म्हणून किंचाळायची.

ओफेलिया पासाडेनाच्या एका हॉस्पिटलात, कपडे धुण्याच्या विभागात कामाला होती. सुटून हायवेला लागावं तर गाड्या जागच्या हलायच्या नाहीत. पोचेपर्यंत अंधार. एक डावीकडची कारपूल लेन तेवढी वाहती असायची, पण तिथे गाडीत निदान दोन माणसं लागतात. ही अडचण कुणाकडून तरी एफ्राइनच्या कानावर गेली. एका रविवारी तो आला आणि दाराबाहेरच उभा राहिला.

"मी काम करतो तो सोफ्यांचा कारखाना तुझ्या हॉस्पिटलच्या मागेच आहे," तो म्हणाला. "जाता-येता मला घेत जा. दोघं असलो की आईकडे दिवसाउजेडी पोचशील."

तसं सुरू झालं. त्या लेनने रोज संध्याकाळी तासभर तरी वाचायचा. आई म्हणून जी काही उरली होती ती तेवढ्या तासापुरतीच.

पण शेजारी घोरणारा हा माणूस बघितला की तिच्या डोक्यात जुना राग उसळायचा. आज तर त्याने दाढीही केलेली नव्हती. हॉस्पिटलच्या अलीकडच्या सिग्नलला तिने गाडी थांबवली आणि त्याला हलवून जागं केलं.

"सोमवारपासून नको येऊस. औषधाच्या काउंटरवरची नदीन येणार आहे माझ्याबरोबर. ती फोंटानाचीच आहे."

एफ्राइनने डोळे चोळले. "संध्याकाळी वेळेवर निघते ना ती?"

"निघते. आणि रात्री पीत नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि नेहमीच्या कोपऱ्यावर उतरला. जाताना दार त्याने हळूच लावलं.

हॉस्पिटलात गाडी लावताना शेजारच्या सीटखाली फोन वाजला. त्याचा होता. चडफडत तिने गाडी वळवली. एवढ्या महिन्यांत ती कारखान्यापर्यंत कधी गेलीच नव्हती, कोपऱ्यावरूनच परतायची.

कारखान्याच्या फाटकाला साखळी आणि कुलूप होतं. 'भाड्याने देणे आहे' हा फलक उन्हाने पार विटला होता. फाटकाच्या आत फरशीच्या फटींतून गुडघाभर गवत वाढलं होतं. समोर टाकोची गाडी लावून एक म्हातारी बाई कांदा चिरत बसली होती. ओफेलियाने तिला कारखान्याबद्दल विचारलं.

"हा? हा तर उन्हाळ्यातच बंद पडला, पोरी."

"पण एफ्राइन इथे कामाला येतो. रोज येतो."

"एफ्राइन होय! तो मागच्या बागेत असेल, झोपलेला." बाईने सुरी खाली ठेवली. "रात्रभर फोंटानाच्या गोदामात खोकी उचलतो बिचारा. मी एकदा म्हटलंसुद्धा, अरे वेड्या, तिथेच घरी पड की. झोपायला एवढ्या लांब येतं का कुणी? तर हसला नुसता. म्हणाला, संध्याकाळी परतताना एकीला सोबत लागते."

ओफेलिया मागच्या बागेकडे वळली. आभाळ भरून आलं होतं, सकाळ असून उजेड मळकट होता. बागेत कोपऱ्यातल्या बाकावर तो पाय पोटाशी घेऊन झोपला होता. जॅकेट तोंडावर ओढलेलं, बूट उशाला. जॅकेटखालून गोदामातल्या कामगारांची पिवळी बंडी दिसत होती. ती जवळ जाऊन वाकली. घामाचा आणि पुठ्ठ्याचा वास आला. दारूचा नाही.

नदीनला तिने कालच शब्द दिला होता. सकाळी गाडीत बोललेलं सगळं आठवलं आणि तिला तिथून निघून जावंसं वाटलं. पण फोन द्यायचा होता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

एफ्राइन दचकून उठून बसला. त्याने त्या मळकट आभाळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने बूट चाचपायला लागला.

"संध्याकाळ झाली? आधी उठवायचंस ना गं! चल, आई वाट बघत असेल."