सातवा भाग नेऊ नका

स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातल्या खुनांची ती कादंबरीमालिका. खुनी मला विसाव्या पानावरच कळतो. मी वाचतो ते त्यातल्या विधुर इन्स्पेक्टरसाठी. सहावा भाग परत करताना ग्रंथपालबाईंपुढे मी करवादलो, "बेकरीवालीवर एवढा जीव जडलाय, पण सहा भागांत तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!"

"सातवा नेऊ नका," शिक्का बाजूला ठेवत त्या म्हणाल्या. "त्यात ती वाट बघून थकते आणि गाव सोडून जाते."

"अहो, ग्रंथपाल असून शेवट सांगता?"

"इलाजच नाही. माझी बदली झालीय. आज सहाला सुटते, कोपऱ्यावर चहा घेऊ."

माझं काळीज सुपाएवढं झालं. होता नव्हता तेवढा धीर गोळा करून मी विचारलं, "मग आठव्या भागात ती परत येते का हो?"