नंबरप्लेटचा दिवा

१९७१ साल. गदगच्या चन्नबसप्पा मेस्त्रींची दृष्टी जाऊन तीन महिने झाले होते. धाकटा भाऊ मल्लेशी त्यांचं गॅरेज विकायला निघाला, तेव्हा ते म्हणाले, “या गिऱ्हाइकाच्या फटफटीला नंबरप्लेटचा दिवा बसवतो. चुकलो तर खुशाल विक.” बायको इरव्वा दारातून बघत राहिली. मेस्त्रींनी मडगार्डखाली दिवा आवळला, वायरींची टोकं एकेक करून जिभेला लावली आणि झिणझिण्या आणणारी वायर जोडली. भर दुपारी मल्लेशीने उकिडवं बसून बघितलं. “अण्णा, पेटलाच नाही.” “उजेडात तुला काय दिसणार, शहाण्या? हात लाव.” पेटलेल्या इवल्या बल्बने मल्लेशीच्या बोटाला चटका दिला. मल्लेशी त्यांच्याच हाताखाली शिकला, हुबळीत स्थिरावला. चन्नबसप्पा आणखी सतरा वर्षं दिवे जोडत राहिले. म्हातारी इरव्वा अजून सांगते, “तेव्हाच यांच्या पाया पडणार होते, पण गिऱ्हाईक उभं होतं.”